एकाच घरातली साखरबंदी आणि चार शरीरं : कोल्हापूरच्या एका गूळ अडत्याच्या कुटुंबाचं प्रकरण

शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्याने दिवाळी पाडव्याचे सौदे निघाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी साखर बंद केली. एकट्याची नाही, सगळ्या घराची. एकत्र कुटुंब, जुन्या पेठेतलं घर, स्वयंपाक एका चुलीवर. त्या एका निर्णयातून पुढच्या काही महिन्यांत चार माणसांच्या बाबतीत चार निरनिराळ्या गोष्टी घडल्या. एकाचे रक्ताचे आकडे खरोखर सुधारले, एकीच्या जिवावर बेतलं, एका पोराची ताकद उतरली आणि एकीचं डोकं भलत्याच कारणाने दुखायला लागलं. मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हे घर माझ्याकडे आलं ते दुसऱ्या घटनेनंतर. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घरात ज्या नात्याने हाका मारतात तीच नाती ठेवली आहेत: आण्णा, त्यांची आय, आण्णांच्या बायको म्हणजे वहिनी, धाकट्या भावाचा मुलगा म्हणजे पुतण्या, आणि आण्णांची कॉलेजात जाणारी लेक.

साखर सोडावी का, असा प्रश्न घेऊन रोज माणसं येतात आणि त्यांना हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं असतं. कोण सोडणार आहे, त्याला कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि साखरेच्या जागी ताटात काय येणार आहे, हे विचारल्याशिवाय मी ते उत्तर देत नाही. या घराकडे पाहिल्यावर का, ते कळेल.

आण्णांचा दिवस

आण्णांचं वय ४८. वजन ८४ किलो, पोटाचा घेर १०२ सेंटिमीटर. तपासणीत एचबीएवनसी ६.२ आलं. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातल्या साखरेची सरासरी सांगतो. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ आणि त्यावर मधुमेह. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २९०; ते १५० च्या आत हवं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. गोड कमी करा, वजन उतरवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं सांगितलं. सल्ला योग्यच होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि १३ कोटींहून जास्त माणसं उंबरठ्यावर आढळली होती. आण्णा त्या दुसऱ्या गटातले, आणि परत फिरण्याची संधी याच गटाला सगळ्यात जास्त असते.

गोड कुठून येतं ते शोधायला बसलो तेव्हा आण्णा म्हणाले, "मॅडम, मी गोड खातच न्हाई. सणावाराला पोळी, तेवढंच." ते खोटं बोलत नव्हते. पेढा, जिलेबी, आइस्क्रीम यांचा त्यांना खरंच शौक नाही. साखर येत होती चहातून. सकाळी घरी दोन कप, मग यार्डात सौद्याच्या आधी एक, सौदा झाल्यावर एक, गाववाला शेतकरी आला की एक, हुंडेकरी आला की एक, दुपारनंतर आणखी एखादा. सात कप धरले, कपाला दोन चमचे, चमच्याला पाच ग्रॅम, तर ७० ग्रॅम साखर झाली. सौद्याच्या दिवसांत वरून चाखण्याचा गूळ: रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून कण बघायचा, रंग बघायचा आणि एक खडा जिभेवर टाकायचा. तो हिशेबात धरलाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ठरवलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर, गूळ, मध, रस हे सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं, आणि शक्य झाल्यास पाच टक्क्यांच्या आत. दोन हजार कॅलरी खाणाऱ्यासाठी हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. आण्णा एकही मिठाई न खाता चहावरच ती मर्यादा ओलांडत होते. मी त्यांना वर्षाचा हिशेब करून दाखवला. रोज ७० ग्रॅम म्हणजे वर्षाला साधारण साडेपंचवीस किलो, यार्डात विकल्या जाणाऱ्या ३० किलोच्या रव्याला साडेचार किलो कमी. रव्यांचा हिशेब त्यांना लगेच पटला; ग्रॅम आणि कॅलरी पटायला वेळ लागला असता.

गूळ चालतोय की

माझ्याकडे येण्याआधी घरात बंदीचे दोन टप्पे होऊन गेले होते. पहिल्या टप्प्यात साखरेचा डबा उचलला गेला आणि त्याच्या जागी गुळाचा आला. चहा गुळाचा, खीर गुळाची, शिरा गुळाचा. महिनाभर असं चाललं. आण्णांनी मधेच उपाशीपोटीची साखर तपासली तर आधीपेक्षा जरा वरच. ते चक्रावून गेले.

यावर मी इथे जरा जास्त बोलणार आहे, कारण कोल्हापुरात याच्याइतका पक्का समज दुसरा नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. करवीर, पन्हाळा, कागल या भागात गुऱ्हाळघरांवर कित्येक घरं उभी राहिली. इथल्या माणसाला गूळ वाईट म्हणणं जड जातं, आणि मी तसं म्हणतही नाही. उसाच्या रसातली जी खनिजं साखरेच्या कारखान्यात मळीबरोबर निघून जातात, त्यातली काही गुळात राहतात. चव तर आहेच. पण गुळाचा बहुतेक भाग सुक्रोजच असतो, म्हणजे साखर ज्याची बनते तेच. थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज सुटं असतं, थोडं पाणी, आणि उरलेल्या चिमूटभर भागात खनिजं. आतड्यात सुक्रोजचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज रक्तात जातं, फ्रुक्टोज यकृताकडे. तो रेणू पांढऱ्या दाण्यातून आला की पिवळ्या खड्यातून, हे स्वादुपिंडाला कळत नाही. गुळाचा खडा चमच्यापेक्षा मोठाही पडतो. वहिनी चहात घालायच्या तो खडा मी वजनकाट्यावर ठेवला तर बारा ग्रॅम भरला.

लोहाचाही हिशेब मांडून बघावा. दहा ग्रॅम गुळातून साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह मिळतं, काही गुळांत थोडं जास्त. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. तेवढं गुळातून मिळवायचं म्हटलं तर अर्धा किलोहून जास्त गूळ रोज खावा लागेल. शिवाय बाजारात साखर मिसळून केलेला गूळही येतो. त्याबद्दल शेतकरी आणि बाजार समिती दोघंही वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. आण्णांना हे माझ्याहून जास्त माहीत. म्हणाले, "आमाला हातात घेतला की कळतंय." मधाचंही तसंच, त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखरच असते.

आय

उपाशीपोटीचा आकडा पाहून आण्णा चिडले आणि दुसरा टप्पा सुरू झाला. गूळही बंद. घरात गोडाचा कणही नको असा हुकूम. दुकानात शेकडो रवे आणि घरात एक खडा नाही, अशी स्थिती झाली.

आय चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मधुमेह जुना, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू. सकाळी गोळी घेतल्यावर गोड चहाबरोबर चपाती, अकराच्या सुमाराला पुन्हा चहा आणि बेकरीतले दोन बटर, असा त्यांचा ठरलेला क्रम होता. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची मात्रा हा क्रम धरून, किंवा निदान या क्रमावर दिसणारे आकडे धरून बसवलेली. घरातली साखर गेली तसा आयचा चहा बिनसाखरेचा झाला, तो त्यांना आवडेना म्हणून सुटला आणि त्याच्याबरोबर बटरही सुटले. गोळी मात्र तीच राहिली. डॉक्टरांना सांगायला हवं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. साखर बंद केली म्हणजे मधुमेही माणसाचं भलंच होणार, अशी सगळ्यांची समजूत.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आलं आहे की नाही याची ती वाट बघत नाही. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी आणि इन्सुलिनने जाते. म्हाताऱ्या माणसात मूत्रपिंडं मंदावलेली असली तर औषधाचा असर जास्त वेळ टिकतो आणि धोका वाढतो.

एका एकादशीला आयनी उपास धरला. सकाळची गोळी घेतली, वर फक्त पाणी. अकराच्या पुढे त्या देवघरासमोर बसल्या होत्या. घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि त्या असंबद्ध बोलायला लागल्या. वहिनींना वाटलं, उपासाने चक्कर आली असेल, जरा पडू दे. लेकीने हात धरून पाहिला तर बर्फासारखा गार आणि ओला. घरात ग्लुकोमीटर होता; आकडा ५२ आला. ७० च्या खाली गेलं की लगेच हालचाल करावी लागते. लेक स्वयंपाकघरात धावली आणि डबे उघडत सुटली. साखर नाही. गूळ नाही. ती शेजारच्या काकींकडून वाटीभर साखर घेऊन आली. आय गिळू शकत होत्या, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ७९. मग दूध-भाकरी भरवली. "मला काय बी झाल्यालं न्हाई, उगं गलका करताय," असं आय तासाभराने म्हणत होत्या. त्यांच्या आठवणीतून तो अर्धा तास पुसला गेला होता.

लेकीने केलं ते बरोबर केलं आणि ते प्रत्येक मधुमेही माणसाच्या घरात माहीत असायला हवं. शुद्ध आणि गिळण्याची ताकद असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. वर आलं की जेवण. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, त्यातल्या तुपा-लोण्याने साखर रक्तात जायला उशीर होतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तडक दवाखाना गाठायचा. आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते: व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील तर घरची साखर अशा वेळी पटकन उपयोगी पडत नाही. त्या गोळ्या सुक्रोज फोडणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) अडवतात. अशा माणसाच्या उशाशी औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पावडरच हवी.

डॉक्टरांनी आयची ग्लिमेपिराइडची मात्रा निम्म्यावर आणली, मूत्रपिंडाची तपासणी केली आणि उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते कागदावर लिहून दिलं. आयचा सकाळचा चहा एक चमचा साखरेसह परत सुरू झाला. माझा त्याला पूर्ण पाठिंबा होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एचबीएवनसी ७.४ वरून ६.९ वर आणण्याच्या हट्टापायी माणूस बाथरूममध्ये पडून खुबा मोडून घेत असेल, तर ती सुधारणा काय कामाची.

वहिनींचं डोकं, पुतण्याचे पाय

वहिनींना बंदीच्या दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं. आठवडाभर दुखत होतं. साखर सोडल्यावर शरीर असं मागायला लागतं, असं त्यांनी मोबाइलवर कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं होतं. मी विचारलं, चहा किती घेता? म्हणाल्या, "बिनसाखरेचा घशाखाली जाईना, मी चहाच सोडला." दिवसाला पाच कप घेणारी बाई एका दिवसात शून्यावर आली होती. कॅफीन एकदम तोडलं की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, दुसऱ्या दिवसाच्या आसपास फार दुखतं आणि नऊ-दहा दिवसांत थांबतं. त्यांच्या दुखण्याचा पुरता तोच आलेख होता. साखर सोडणाऱ्यांना पहिले काही दिवस चिडचिड आणि खाण्याची ओढ जाणवते हे खरं, पण आपल्याकडे साखर आणि चहा इतके एकमेकांत मुरलेले आहेत की कशाचा दोष कशावर जातो ते वेगळं काढावं लागतं.

वहिनींचं हिमोग्लोबिन ९.८ होतं. त्यांचं एचबीएवनसी ५.८ आलं म्हणून त्या घाबरल्या होत्या आणि आणखी कडक पथ्य धरायच्या विचारात होत्या. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पंडुरोगात हा आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. त्यांना लोहाच्या गोळ्यांची गरज होती, पथ्याची नव्हती. जेवणानंतरचा चहा सुटला त्याचा त्यांना चांगलाच फायदा झाला, कारण चहातले टॅनिन जेवणातलं लोह शोषू देत नाहीत. तो चहा मी परत सुरू करू दिला नाही. दुपारी चार वाजताचा दिला.

पुतण्या सतरा वर्षांचा, तालमीत जातो. पहाटे आणि संध्याकाळी मेहनत. काकांच्या हुकमाने त्याच्या थंडाईतली साखर गेली, चपातीवरचा गूळ-तूप गेला. वर त्याने स्वतःच्या बुद्धीने केळीही सोडली; त्यातही साखरच आहे, असं त्याचं म्हणणं. दीड महिन्यात ७० चा ६७ किलोवर आला. वस्ताद ओरडायला लागले की पोरगं दुसऱ्या कुस्तीलाच दमतंय, पाय उचलत नाही. दिवसातून दोनदा अंग मोडेपर्यंत मेहनत करणाऱ्या पोराचे स्नायू ज्या साठ्यावर चालतात तो ग्लायकोजेनचा साठा पिष्टमय आणि गोड पदार्थांतूनच भरतो. बदाम आणि दुधाने तो भरून येत नाही. त्याला साखरच हवी होती असंही नाही. केळी परत आली, सकाळी दोन भाकऱ्या वाढल्या, रात्री भात वाढला आणि मेहनतीनंतरच्या थंडाईत दोन चमचे साखर परत आली. थंडाई प्यायल्यावर चूळ भरायची, एवढंच बंधन. दातांवरचे जंतू प्रत्येक गोड घोटानंतर वीस-तीस मिनिटं आम्ल तयार करतात. एकदा पिऊन तोंड धुणाऱ्यापेक्षा दिवसभर घोट घोट पिणाऱ्याचे दात लवकर किडतात.

लेकीचं काही बिघडलं नाही. चेहऱ्यावरचे मुरूम कमी झाले असं ती म्हणते, आणि ते शक्य आहे. निरोगी माणसाने वरची साखर पूर्ण सोडली तर शरीराला तोटा होत नाही. मेंदूला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज लागतं हे खरं, पण ते भाकरी, भात, डाळ यांतून शरीर काढून घेतं. त्यासाठी साखर खायलाच हवी, असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

रिकाम्या जागी काय आलं

आण्णांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटत होती. माणूस सवय सोडतो तेव्हा त्या वेळेची जागा रिकामी होते, आणि ती भरल्याशिवाय राहत नाही.

पाच वाजताच्या चहा-बिस्किटांच्या जागी भडंग आलं. वाडगाभर चिरमुरे, तेल, शेंगदाणे, लसूण, मीठ. चिरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ. रक्तातली साखर तो जवळपास साखरेइतक्याच वेगाने चढवतो. घरात खजुराचे लाडू वळले जाऊ लागले, साखर नाही म्हणून बिनधास्त, येता-जाता एक. खजुराच्या वजनातला दोन तृतीयांश भाग तरी साखर असते. त्यात तंतू आणि खनिजं आहेत म्हणून एखादा खजूर चांगला. पण दिवसाला चार लाडू म्हणजे पाचशे-सहाशे कॅलरी सहज. मग 'शुगर-फ्री' छापलेली बिस्किटं आली, ज्यांत मैदा आणि तेल पूर्वीइतकंच होतं आणि गोडीसाठी माल्टिटॉल होतं. त्याने आण्णांचं पोट दोनदा बिघडलं. ते जास्त खाल्लं की जुलाब होतातच. साखर सोडल्यावर वजन पहिल्या महिन्यात दोन किलो उतरून तिथेच का अडकलं, याचं उत्तर या तीन डब्यांत होतं.

कृत्रिम गोडीच्या पुड्यांबद्दल थोडक्यात. वजन उतरवण्यासाठी त्या वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सुचवलं. आधीच मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही. मला त्यांचा एक तोटा दिसतो: जिभेची गोडाची पातळी खाली येत नाही. आण्णांना मी त्या दिल्या नाहीत.

आणि तंबाखू. चहा कमी झाला तशी चिमूट वाढली. दर चहाच्या वेळी हात खिशाकडे जायला लागला. हे आण्णांनी सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं, त्यांच्या समोर, मान खाली घालून. मी त्या दिवशी आहाराचं सगळं बोलणं बाजूला ठेवलं. साखरेने होणारं नुकसान आणि तंबाखूने होणारं नुकसान एका तराजूत बसत नाही. साखर सोडून तंबाखू वाढणार असेल तर माझा सल्ला आहे की आधी चहा परत सुरू करा. हे मी आण्णांना असंच सांगितलं.

काय ठरवलं

बंदी उठवली. घराच्या ऐवजी माणसागणिक ठरवलं. साखरेचा डबा स्वयंपाकघरात परत आला आणि आयच्या उशाशी ग्लुकोजची पुडी कायमची ठेवली गेली.

आण्णांसाठी आधी फक्त पातळ साखरेवर हात घातला: चहा, उसाचा रस, सरबत, बाटलीतली थंड पेयं. पातळ साखर वेगाने रक्तात जाते, पोट भरल्याची जाणीव देत नाही, आणि तिच्यातलं फ्रुक्टोज एकदम यकृतावर येऊन पडतं. यकृत जास्तीच्या फ्रुक्टोजची चरबी बनवतं. ट्रायग्लिसराइड आणि यकृतावरची चरबी दोन्ही तिथून वाढतात. म्हणून ज्याचं ट्रायग्लिसराइड २९० आहे त्याला चहातली साखर कमी केल्याचा गुण सगळ्यात आधी दिसतो.

अडचण यार्डातल्या चहाची होती. गाड्यावरचा चहा साखर घालूनच उकळलेला असतो. कमी साखरेचा मागितला तर मिळत नाही. आणि सौद्यात समोरच्याने मागवलेला चहा नाकारणं म्हणजे माणसाला नाकारणं. "शेतकरी रवं घिऊन आलाय आन् मी त्येचा चा न्हाई म्हणू? हुयाचं न्हाई त्ये," आण्णा म्हणाले. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटलं. शेवटी दुकानात घरून थर्मास जायला लागला. आलेल्याला गाड्यावरचा चहा, आण्णांना थर्मासमधला, पण दोघांनी बरोबर प्यायचा. थर्मासातल्या चहाची साखर एकदम तोडली नाही; दर दहा-बारा दिवसांनी अर्धा चमचा कमी. जीभ काही आठवड्यांत बदलते, पूर्वीचा चहा नंतर गोडमिट्ट लागायला लागतो, आणि तसंच झालं. सात कपांचे चार झाले. चाखण्याचा गूळ जिभेवर ठेवून, चव कळली की थुंकायचा आणि चूळ भरायची. चहा पारखणारे हेच करतात. आण्णांनी दोन दिवस संकोच केला, मग सवय झाली.

सणांना हात लावला नाही. होळीची पुरणपोळी, संक्रांतीचा तीळगूळ, दसऱ्याचं गोड हे सगळं राहिलं. वर्षातल्या पंधरा-वीस दिवसांचं गोड वर्षभराच्या चहापुढे किरकोळ आहे, आणि आयच्या हातची पोळी नाकारून आण्णांना मिळालं काय असतं, तर फक्त खट्टूपणा. भडंगाच्या वाडग्याच्या जागी भाजलेले हरभरे आणि शेंगदाणे, मूठभर. रात्रीचा भात निम्मा आणि ज्वारीची भाकरी. संध्याकाळी रंकाळ्याला चालणं. ते आण्णांनी स्वतःहून सुरू केलं. तंबाखूसाठी त्यांना व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाकडे पाठवलं.

तीन महिन्यांनी

वजन ७९.५. एचबीएवनसी ५.८. ट्रायग्लिसराइड १७५. रक्तदाब तसाच, वाईट कोलेस्टेरॉल जवळपास तसंच. मिसळीवरची तर्री, शेव आणि रोजचं मीठ यांच्याशी साखरेचा संबंध नव्हता, त्यामुळे ते साखर सोडून सुधारणारही नव्हते. साडेचार किलो साखर सोडल्यामुळेच उतरले असं मी म्हणणार नाही, भात आणि चालणं यांचाही वाटा आहे. ट्रायग्लिसराइड मात्र इतकं खाली आलं त्यात मोठा वाटा चहातल्या साखरेचा, असं माझं मत आहे.

आयची साखर त्यानंतर ७० च्या खाली गेलेली नाही, एचबीएवनसी ७.३ आहे आणि डॉक्टर त्यावर समाधानी आहेत. वहिनींचं हिमोग्लोबिन ११.४. पुतण्या ६९.५ किलोवर आहे आणि वस्तादांची तक्रार थांबली आहे.

साखरेचा विषय काढला की कोल्हापुरात कुणीतरी हमखास म्हणतं, आमचं पोट उसावर, आणि तुम्ही साखर सोडा म्हणता? आण्णांच्या दुकानातही एका शेतकऱ्याने हे विचारलं, मी समोर असताना. मी त्याला म्हटलं, दादा, तुमचा ऊस कारखान्याला जातो, गूळ गुजरातला जातो. आण्णांच्या चार कप चहाने तुमचा दर पडत नाही. आणि तुमच्या घरात मधुमेहाच्या गोळ्या कुणाला चालू आहेत? त्याने वडिलांचं आणि थोरल्या भावाचं नाव घेतलं. त्या दोघांचे रिपोर्ट घेऊन यायला मी त्याला सांगितलं.

आण्णांची तंबाखू सुटलेली नाही, कमी झाली आहे. सोनोग्राफी सहा महिन्यांनी करायची ठरली आहे. पुढच्या पाडव्याला सौदे सुरू झाले की सात कपांचे दिवस परत येतील. त्या हंगामासाठी दुसरा थर्मास आत्ताच घेऊन ठेवला आहे, आणि हंगामाच्या दुसऱ्या महिन्यात ट्रायग्लिसराइड पुन्हा तपासायचं आहे.